पिकअपला लेव्हलिंग किट बसवायचं? गिऱ्हाईक नेहमी विचारतात ते प्रश्न

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी या पट्ट्यात पिकअपचं काम करताना "मिस्त्री, गाडीचं नाक थोडं वर काढून द्या" ही मागणी वरचेवर येते. कुणाला दिसायला आवडतं, कुणाला शेतरस्त्याची अडचण असते, कुणाच्या मित्राने बसवलेलं असतं. किट वाईट नाही, पण ते कोणत्या गाडीला बसवायचं यातच सगळी मेख आहे.

नवीकोरी गाडी, तरी पुढून बसल्यासारखी का दिसते?

बसलेली नसते. कंपनीनेच मागची बाजू उंच ठेवलेली असते. हौद्यात माल पडला की मागचे पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग) दबतात आणि तेव्हा गाडी सपाट यावी, असा तो हिशेब. बैलगाडी भरताना जुनी माणसं हीच काळजी घ्यायची. मागं ओझं जास्त झालं की गाडी उलाळते आणि जू बैलांच्या मानेवरून सुटायला बघतं. पिकअपची मागची बाजू अशीच जास्त दबली की पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो, स्टिअरिंग हातात हलकं लागतं आणि पुढच्या ब्रेकची पकड सुटते. म्हणजे रिकाम्या गाडीला दिसणारा उतार मालासाठी राखून ठेवलेला असतो.

लेव्हलिंग किट नेमकं करतं काय?

पुढची बाजू साधारण दीड ते अडीच इंच वर घेतं. मागच्या बाजूला हात लावत नाही. चारही चाकांवर गाडी उचलणारं लिफ्ट किट वेगळं. त्याचा खर्च मोठा आणि भानगडीही जास्त.

मला किट हवं की नको?

वर्षातले बहुतेक दिवस तुमचा हौदा भरलेला असतो की रिकामा, यावर सगळं ठरतं. गाडी कोणत्या कंपनीची, मॉडेल कोणतं, हे नंतर.

समजा गाडी सोयाबीन घेऊन मोंढ्यावर जाते. ६० किलोचे २५ कट्टे म्हणजे १५ क्विंटल. एवढं ओझं मागच्या एक्सलवर आणि त्याच्या आसपास पडलं की पाटे चांगलेच दबतात. कंपनीचा उतार तिथेच खर्च होऊन गाडी सपाट येते. आता याच गाडीला पुढून दोन इंच उचललेलं असेल, तर भरल्यावर ती आकाशाकडे बघत चालेल. समोरून येणारा दिव्यांनी आंधळा होतो, घाटात स्टिअरिंग तरंगतं, आणि पाऊस पडल्यावर वळणावर पुढची चाकं सरळ निघून जायला बघतात. बोलेरो पिकअप, योद्धा, दोस्त अशा रोज भाडं मारणाऱ्या गाड्यांच्या मालकांना आम्ही सरळ नाही म्हणतो. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

दुसरीकडे डबल केबिनची हायलक्स किंवा व्ही-क्रॉस असते. घरची चार माणसं, मागं पाण्यातली मोटर, दोन-चार पीव्हीसी पाइप, कधी खताची पाच पोती. अशा गाडीचे पाटे क्वचितच पूर्ण दबतात. तिला माफक किट शोभतं आणि चालतंही.

अडचण होते ती मधल्या लोकांची. गाडी आठ महिने रिकामी आणि मोसंबी किंवा हळदीच्या हंगामात ठासून भरलेली. त्यांनी पुढं कमीत कमी उंची घ्यावी आणि मागं हवेच्या मदतनीस पिशव्या बसवाव्यात. त्याविषयी खाली लिहिलं आहे.

उतार किती आहे, हे घरच्या घरी कसं मोजू?

सपाट फरशी शोधा. पेट्रोल पंपाचं आवार सपाट दिसतं, पण पाणी वाहून जावं म्हणून त्याला ढाळ दिलेला असतो, तिथे मोजू नका. चारही टायरची हवा कंपनीने सांगितली तेवढी करा, डिझेल अर्धं असू द्या, हौदा झाडून रिकामा करा. गाडी दोन-चार हात पुढेमागे ढकलून सस्पेन्शन मोकळं होऊ द्या.

बहुतेक जण चाकाच्या वरच्या कमानीपासून जमिनीपर्यंत टेप लावतात आणि फसतात. पुढच्या आणि मागच्या चाकाची कमान एकाच उंचीवर कापलेली असेल असं नसतं, त्यामुळे त्या मापाने फरक उगाच जास्त दिसू शकतो. खरं माप चेसीच्या सरळ पट्टीचं. पुढच्या चाकामागे एक जागा आणि मागच्या चाकापुढे एक जागा धरा, दोन्हीकडे चेसीच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. मात्र त्या दोन जागांमध्ये पट्टी एका रेषेत हवी, वाकलेली नको. मोबाइलमधलं लेव्हल दाराच्या खालच्या पट्टीवर ठेवलं तरी अंदाज येतो. हायलक्सच्या दोन एक्सलमधलं अंतर ३,०८५ मिमी आहे. त्या लांबीवर एक अंश उतार म्हणजे जवळपास ५४ मिमी, दोन इंचांहून किंचित जास्त.

डावीकडे आणि उजवीकडे वेगवेगळं मोजा. दोन बाजूंत १० मिमीच्या वर फरक निघाला तर किटचा विचार बाजूला ठेवा. स्प्रिंग थकलीय, बुश (सांध्यातलं रबर) गेलंय किंवा पाटा तुटलाय. आधी ते बघा.

सगळ्यात उपयोगी माप अजून वेगळं. नेहमीचा माल भरा आणि त्याच जागी पुन्हा टेप लावा. मागची बाजू किती उतरली ते कळलं की किट घ्यावं की नाही याचं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळतं.

मग किती इंचाचं घेऊ?

मोजलेल्या उतारापेक्षा कमी. फरक ५५ मिमी निघाला तर पुढं ३५-४० मिमी पुरे. रिकामी गाडी मागून बोटभर उंच दिसली पाहिजे.

खोक्यावरचा आकडा कशाचा, हेही दुकानदाराला विचारा. शॉकअपच्या माथ्यावर बसणारा स्पेसर २५ मिमी जाडीचा असला, तरी चाकापाशी ४० ते ५० मिमी उंची मिळू शकते. शॉकअप खालच्या आर्मवर (चाकाला चेसीशी जोडणारा दांडा) चाकापासून आतल्या बाजूला बसतो, त्यामुळे तिथला थोडा बदल चाकाजवळ वाढून दिसतो. हे न कळल्याने दोन इंच हवे म्हणून दोन इंच जाडीचा स्पेसर घेणारे भेटतात, आणि मग पुढचा एक्सल, बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा गोल सांधा) सगळंच ताणलं जातं.

माझ्या गाडीला कोणत्या प्रकारचं किट बसेल?

आधी पुढच्या चाकामागे वाकून बघा. हायलक्स आणि व्ही-क्रॉसला पुढं दोन आर्म आणि मध्ये शॉकअपभोवती कॉइल स्प्रिंग असते. बोलेरो पिकअपमध्ये मॉडेल बदललं की पुढची रचनाही बदलते, म्हणून नावावर जाऊ नका.

कॉइलच्या गाडीला सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे माथ्यावरचा स्पेसर. स्प्रिंग न उघडता तो बसतो आणि गाडीची चाल जवळपास मूळचीच राहते. दुसऱ्या प्रकारात स्पेसर स्प्रिंग आणि तिच्या वाटीच्या मध्ये जातो. त्याने स्प्रिंग आधीच दाबली जाते, रिकाम्या गाडीत गतिरोधकावर पुढून ठोका लागतो. दोन्ही प्रकार एकावर एक लावून उंची मिळवणारे कारागीर आहेत. त्यांच्या हाती गाडी देऊ नका.

तिसरा पर्याय नव्या, थोड्या उंच स्प्रिंगा आणि त्यांना साजेसे शॉकअप. महाग आहे, पण खिसा परवानगी देत असेल तर आमचं मत याच्याच बाजूने. स्पेसरने मूळ शॉकअपची चाल वाढत नाही. तो नुसता आधीच लांबलेल्या अवस्थेत उभा राहतो आणि चाक खड्ड्यात उतरलं की लवकर टोकाला जाऊन ‘टक्’ करतो. नवा संच त्या उंचीसाठीच बनवलेला असतो.

जुन्या काही गाड्यांत पुढं टॉर्शन बार असतो, लांब लोखंडी सळई. तिचा बोल्ट पिळूनही गाडी वर येते, म्हणून अनेक जण फुकटात काम झालं असं समजतात. थोडं पिळणं ठीक. जास्त पिळलं की चाकाला खाली जायला जागाच उरत नाही.

पुढंही पाटे असलेल्या गाडीला कॉइलचं किट लागूच पडत नाही. तिथे पाट्यांचं काम करणाऱ्याकडे जाऊन कमान नीट करून घेणं किंवा एक पाटा वाढवणं, एवढंच. पुढच्या एक्सलवर पाटा आणि एक्सलच्या मध्ये लोखंडी ठोकळा मात्र कधीही घालू नये. ब्रेक मारताना तिथे जो पिळ पडतो त्यात ठोकळा सरकला तर एक्सलच जागा सोडतो.

फोर बाय फोर गाडीला वेगळी काळजी आहे का?

आहे. पुढच्या चाकांना ताकद देणारे दांडे गाडी वर गेल्यावर जास्त तिरके होतात. त्यांच्या टोकांच्या सांध्यावरचं रबर घासतं, फाटतं, ग्रीस बाहेर येतं आणि धूळ आत जाते. उन्हाळ्यात आपल्याकडची पांढुरकी धूळ एकदा आत गेली की सांधा पूर्ण वळणावर कटकट करायला लागतो. अडीच इंचांच्या आत राहिलात तर सहसा निभावतं. वरच्या आर्मचा बॉल जॉइंटही त्याच वेळी तपासा. तो टोकाला टेकत असेल तर वरचा आर्म बदलावा लागतो आणि खर्च एकदम वाढतो.

बाजारातले स्वस्त स्पेसर चालतील?

लेथवर वळवून दिलेले नायलॉनचे गोळे मिळतात. घेऊ नका. चांगला पॉलियुरेथेन किंवा ॲल्युमिनियम चालतो, पण बोल्ट मजबूत प्रतीचे आणि पूर्ण लांबीचे हवेत. नट बसल्यावर दोन-तीन आटे बाहेर दिसले पाहिजेत. तुमच्या गाडीतून खताची वाहतूक होत असेल तर ॲल्युमिनियम आणि लोखंड जिथे टेकतं तिथे दर सर्व्हिसला नजर टाका. खताचा चुरा आणि ओल एकत्र आली की तिथून गंज धरतो.

फिटिंग करताना उभं राहून काय बघू?

पुढची बाजू जॅकवर उचलल्यावर चेसीखाली घोडे (आधाराचे लोखंडी स्टँड) लागले का, हे पहिलं. नुसत्या जॅकवर काम चालू असेल तर थांबवा.

दुसरं, शॉकअपच्या मधोमधचा वरचा नट. स्प्रिंग दाबून धरणारं अवजार न लावता तो सोडला तर स्प्रिंग गोळीसारखी सुटते. माथ्यावरच्या स्पेसरला हा नट खोलायची गरजच नाही, भोवतालचे नट काढले की झालं. मिस्त्रीचा पाना मधल्या नटाकडे वळला तर विचारायला लाजू नका.

तिसरी गोष्ट बारीक आहे आणि तिथेच बहुतेक गॅरेजं चुकतात. आर्मचे मोठे बोल्ट चाक हवेत लोंबकळत असताना शेवटचे आवळायचे नसतात. आर्मच्या बुशमधलं रबर त्या अवस्थेत पकडलं जातं, आणि गाडी जमिनीवर आली की ते कायमचं पिळलेलं राहतं. काही महिन्यांत बुश फाटतं आणि दोष किटच्या माथी येतो. बोल्ट हातघट्ट लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढून दोन-चार वेळा दाबायची आणि मग टॉर्क पान्याने पक्कं आवळायचं.

शेवटी स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, हे बघा. पाचशे ते हजार किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासून घ्या.

अलाइनमेंट लगेच करायलाच हवं का? गाडी सरळ तर चालतेय.

त्याच दिवशी. उंची बदलली की चाकांचा कोन बदलतो. टो (वरून बघताना चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडला की टायर एका कडेने खातो, आणि हाताने चाचपल्यावर करवतीसारखे दात लागतात तोवर टायर गेलेला असतो. कॅस्टर (चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा मागे कललेला कोन) सहसा कमी होतो. त्यामुळे वळणानंतर स्टिअरिंग आपसूक परत यायला आळस करतं, आणि समृद्धीसारख्या मोकळ्या रस्त्यावर गाडी सतत सांभाळत राहावी लागते. नुसता टो जुळवून पाठवणारं सेंटर नको. कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा आत-बाहेरचा कल) आणि कॅस्टरचे आकडे छापून घ्या, आधीचे आणि नंतरचे दोन्ही.

हेडलाइटचं काय?

पुन्हा सेट करा. दिवा एक अंश वर गेला तरी २५ मीटरवर उजेड जवळजवळ ४४ सेंमी वर सरकतो, म्हणजे समोरच्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत. हे काम भिंतीसमोर पाच मिनिटांचं आहे आणि नेमकं तेच राहून जातं.

मी उन्हाळ्यात पाण्याची टाकी ठेवून पुरवठा करतो. मला किट चालेल?

नाही. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं लातूर आपण पाहिलं आहे, त्यामुळे पिकअपवर टाकी ही आपल्याकडे हौस नसते. पण हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो, टाकीचं वजन वेगळं. दोन हजार लिटरची टाकी काठोकाठ भरली की दोन टन. दीड टनाच्या पिकअपला तो सरळसरळ ओव्हरलोड झाला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली दंड २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी दोन हजार.

दंडापेक्षाही भीती अर्ध्या टाकीची. ब्रेक मारला की पाणी पुढं, गती घेतली की मागं, वळणावर आडवं. अशा गाडीचं नाक आधीच वर असेल तर पाणी मागं सरकताना पुढची चाकं आणखी हलकी होतात. धारूरच्या घाटात अशी गाडी चढताना बघितली की मागून चालवणाऱ्याचाही जीव वरखाली होतो. टाकी पूर्ण भरा किंवा पूर्ण रिकामी ठेवा, आत आडव्या पट्ट्या असलेली टाकी मिळाली तर उत्तम, आणि किटचे पैसे चांगल्या टायरवर घाला.

मग मागची बाजूच मजबूत केली तर? एक पाटा वाढवतो.

भरल्यावर मागं बसणाऱ्या गाडीला हा विचार बरोबर आहे, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. पाटा किंवा हवेची पिशवी वाढवल्याने गाडीची वजन वाहायची क्षमता वाढत नाही. एक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर तेच राहतात. पिशवी फक्त बसलेली मागची बाजू पुन्हा वर आणते. तिचा फायदा हा की रिकाम्या गाडीत हवा कमी करता येते. वाढवलेला पाटा बारा महिने कडक.

दुसरी गोष्ट ब्रेकची. अनेक पिकअपमध्ये मागच्या एक्सलला दांडीने जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. हौदा किती दबला त्यावरून तो ठरवतो, मागच्या ब्रेकला किती जोर द्यायचा. पाटा वाढवून मागची बाजू उंच झाली की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. पाट्याचं काम झाल्यावर ही दांडी पुन्हा जुळवून घ्यावी लागते. पाटेवाला ते स्वतःहून सांगेलच असं नाही.

पावसाळ्यात शेतरस्त्याला गाडी खाली घासते. किटने सुटेल का?

पुढचं बंपर आणि इंजिनखालची पट्टी थोडी वाचेल. पण काळ्या मातीच्या रस्त्यावर गाडी अडते ती वेगळ्याच कारणाने. ट्रॅक्टरने पाडलेली चाकोरी खोल असते आणि मधला उंचवटा मागच्या एक्सलच्या गोळ्याला (डिफरन्शियल) लागतो. तो गोळा एक्सलवरच असतो, त्याची जमिनीपासूनची उंची फक्त टायर ठरवतो. पुढून दोन इंच उचला की चार, गोळा तिथेच. ओल्या काळ्या मातीत तर उंचीपेक्षा टायरची नक्षी मोठी. माती नक्षीत भरून टायर गुळगुळीत झाला की फोर बाय फोरही जागच्या जागी फिरते. तिथे चांगले ऑल-टेरेन टायर, मागं एक दोर आणि पाऊस उघडल्यावर दोन दिवस थांबायची तयारी, एवढंच उपयोगी.

किट बसवल्यावर मोठे टायर टाकू का?

एक पायरी फार तर. २६५/६५ आर १७ ऐवजी २६५/७० आर १७ टाकला तर चाकाचा व्यास साधारण २६ मिमी वाढतो, म्हणजे जमिनीपासून उंची मिळते जेमतेम १३ मिमी. स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा वेग आधीपेक्षा साडेतीन टक्क्यांनी जास्त असतो. टायर टाकल्यावर स्टिअरिंग पूर्ण वळवून, एक चाक उंचवट्यावर चढवून बघा. सपाट फरशीवर न घासणारा टायर बांधावर घासतो.

आरटीओ आणि विम्याची अडचण येईल का?

येऊ शकते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही आहे. "दोन इंचापर्यंत चालतं" असं कुणी सांगितलं तर कलम ५२ मध्ये इंचात मोजून दिलेली सूट दाखवायला सांगा.

पिवळ्या पाटीच्या गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढं दरवर्षी पासिंग असतं. तिथे प्रश्न निघणारच. खासगी पाटीवर ती झंझट नसली तरी अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतो. आधी आरटीओत आणि विमा कंपनीला लेखी विचारून उत्तर फाइलला लावलेलं बरं.

पुढं लोखंडी गार्ड आहे, त्यामुळे नाक खाली आलंय. किट लावू?

गार्ड काढा. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने अशा गार्डवर कारवाई करायला राज्यांना कळवलं आहे. वजन जाईल, पादचाऱ्याचा जीव वाचेल आणि एअरबॅगच्या कामातही अडथळा येणार नाही.

ॲव्हरेज कमी होईल?

किटने थोडंसं, मोठ्या टायरने जास्त.

दहा वर्षांची गाडी आहे, पुढून खरंच बसलीय. स्पेसर टाकून वर घेऊ?

थकलेल्या स्प्रिंगवर स्पेसर म्हणजे नुसतं दिसणं सुधारणं. आधी स्प्रिंग, शॉकअप आणि आर्मचे बुश नवे टाका. बहुतेक वेळा गाडी तेवढ्यानेच आपल्या मूळ उंचीला येते आणि किटचा विषय संपतो.

नंतर किट काढता येतं का?

माथ्यावरचा स्पेसर आणि स्प्रिंगांचा संच दोन्ही काढता येतात. बसवताना निघालेले मूळ नट, बोल्ट आणि स्प्रिंगा कारागिराकडे न सोडता पोत्यात घालून घरी न्या, डावी-उजवी बाजू खडूने लिहून. टॉर्शन बार पिळला असेल तर बोल्ट किती वेढे फिरवला ते सर्व्हिस बुकात लिहून ठेवा, नाहीतर मूळ उंची पुन्हा टेप लावूनच शोधावी लागते. काढल्यावर अलाइनमेंट आणि हेडलाइट दोन्ही परत करायचे. विकायला काढलेली पिकअप घेणारा बहुधा भाड्यासाठीच घेतो, त्यामुळे व्यवहाराआधी ती मूळ उंचीवर आणलेली बरी.